मशीनला ब्लफ जमत नाही, म्हणून पोकर?

प्रश्न : मुलगा पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, वय २०. होस्टेलवर पोकरचा नाद लागला. आधी ॲपवर खेळायचा, ती बंद झाल्यावर आता मित्रांच्या रूमवर बसतात. म्हणतो, "आयटीतल्या नोकऱ्या एआय खाणार. पोकरमध्ये समोरच्याचा चेहरा वाचायचा असतो, ब्लफ मारायचा असतो, ते मशीनला कधीच जमणार नाही. मी प्रोफेशनल प्लेयर होणार." तीन महिन्यांत चाळीस हजार जिंकले म्हणतो. ह्यांचं म्हणणं, पुढच्या वर्षाची फी भरायचीच नाही. मला यातलं काही कळत नाही. मुलाचं खरं आहे का? (एक आई, सातारा)

उत्तर :

ताई, नमस्कार.

मुलाचा मुख्य मुद्दा आधी निकालात काढू, कारण बाकीचा डोलारा त्यावरच उभा आहे. मशीनला पोकर जमतं, आणि चांगलं जमतं.

जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गच्या रिव्हर्स कॅसिनोत ‘लिब्राटस’ नावाच्या प्रोग्रामशी चार व्यावसायिक खेळाडू खेळायला बसले. कार्नेगी मेलन विद्यापीठातले प्राध्यापक टुओमस सँडहोम आणि त्यांचा विद्यार्थी नोम ब्राउन यांनी तो तयार केला होता. नो-लिमिट होल्डेम (कितीही चिप्स लावता येणारा पोकरचा प्रकार), एकास एक, २० दिवस, १ लाख २० हजार डाव. खेळाडू रोज रात्री एकत्र बसायचे, मशीन कुठे चुकतंय याची टिपणं काढायचे आणि दुसऱ्या दिवशी नेमका तिथे घाव घालायचे. मशीन रात्रभर काय करत होतं? खेळाडूंनी दिवसा त्याची जी भोकं हेरली, ती सुपरकॉम्प्युटरवर बुजवत होतं. त्यांच्या कमकुवत बाजू शोधायच्या भानगडीत ते पडलंच नाही. शेवटी चौघे मिळून १७ लाख ६६ हजार डॉलरच्या चिप्सनी मागे राहिले. चिप्स नावापुरत्या होत्या, पण हार खरी होती.

"एकास एक ठीक आहे, टेबलावर सहा जण असले की बघा," असं चिरंजीव म्हणतील. तेही २०१९ मध्ये झालं. ब्राउन आणि सँडहोम यांच्याच ‘प्लुरिबस’ने सहा जणांच्या टेबलावर नामांकित खेळाडूंना मागे टाकलं. त्याच्या मूळ डावपेचांची तयारी ६४ कोअरच्या एका सर्व्हरवर ८ दिवसांत झाली, खर्च साधारण १५० डॉलर.

आता चेहऱ्याचं. ब्लफ म्हणजे छाती लागते, नजर लागते, असं आपल्याला वाटतं. हॅरल्ड कून या गणितज्ञाने १९५० मध्ये मांडलेला एक चिमुकला पोकर आहे, तो तुम्ही दोघं घरी चिंचोके घेऊन खेळून बघा. गुलाम, राणी, राजा एवढे तीनच पत्ते, दोघांना एकेक. दोघांनी सुरुवातीला एकेक चिंचोका मध्ये टाकायचा. पहिला ‘चेक’ म्हणाला, म्हणजे त्याने काही वाढवलं नाही, तर दुसरा एक चिंचोका वाढवू शकतो. मग पहिल्याने एक घालून पत्ते उघडायला लावायचे, नाहीतर डाव सोडायचा. समजा दुसऱ्याकडे गुलाम आहे, सगळ्यात खालचा. त्याने उगीच वाढवावं का? दर वेळी वाढवलं तर पकडला जाईल. कधीच वाढवलं नाही, तर खरोखर राजा आल्यावर समोरचा एक चिंचोकाही द्यायचा नाही. गणिताचं उत्तर येतं, तीनातून एकदा. पहिल्याकडे राणी असेल, तर त्याला एक घालून तीन मिळवायचे असतात. म्हणून दुसऱ्याच्या तीन खऱ्या पैजांमागे एक खोटी असली, की पहिल्याने उघडलं काय नि सोडलं काय, सारखंच. या सगळ्यात चेहरा कुठे आला? (आमच्या घरी झब्बूतसुद्धा चेहरा बघून कोणी जिंकल्याचं मला आठवत नाही.)

मशीन हेच प्रचंड प्रमाणावर करतं. स्वतःशीच अब्जावधी डाव खेळतं, प्रत्येक वेळी "दुसरं काही केलं असतं तर किती जास्त मिळालं असतं" याची बेरीज ठेवतं आणि पुढच्या खेपेला तिकडे झुकतं. ही पद्धत कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ मध्ये मांडली.

चाळीस हजारांकडे येते. लिब्राटसच्या सामन्यात नशिबाचा भाग कमी करण्यासाठी दोन खेळाडूंना जे पत्ते यायचे, तेच दुसऱ्या खोलीतल्या जोडीदारांसमोर मशीनला दिले जायचे. त्याच्या आधी २०१५ मध्ये ‘क्लॉडिको’ हा जुना प्रोग्राम ८० हजार डावांनंतर माणसांपेक्षा सात लाखांहून जास्त चिप्सनी मागे होता, तरी एवढ्या फरकावरून निकाल ठरत नाही, असं संशोधकांनी सांगितलं. खेळाडूंना ते पटलं नाही, पण मुद्दा कळला ना? मित्रांच्या रूमवर तासाला फार तर ३० डाव होत असतील. त्या हिशेबाने १ लाख २० हजार डावांना ४ हजार तास लागतात, म्हणजे पूर्णवेळ नोकरीची दोन वर्षं. तुमच्या मुलाचे तीन महिने कौशल्याचे की नशिबाचे, हे त्यालाही सांगता येणार नाही, मलाही नाही.

लिब्राटसनंतर व्यावसायिक खेळाडू संपले का? नाही. प्रत्यक्ष टेबलावर मशीन येऊन बसत नाही. पण तेच गणित ‘सॉल्व्हर’ नावाच्या सॉफ्टवेअरमधून प्रत्येकाच्या लॅपटॉपवर पोचलं. मन लावून खेळणारे सगळे त्यावरूनच शिकतात, त्यामुळे चांगल्या नि फार चांगल्या खेळाडूतलं अंतर कमी झालं, आणि टेबल चालवणारा दर डावातून आपला वाटा काढतोच. उरते ती कच्च्या खेळाडूंकडून होणारी कमाई. सध्या ते कच्चे खेळाडू म्हणजे त्याचे होस्टेलचे मित्र. एआयला घाबरून पोकरकडे पळणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

कायद्याचंही थोडक्यात सांगते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ देशभर बंद झाले, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे. त्याला कोर्टात आव्हान दिलेलं आहे, पण कोर्टाच्या तारखांवर करिअर उभारता येत नाही. गोव्यात मांडवीवरच्या कॅसिनोंत २१ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही.

म्हणून फी भरा. मुलाच्या वडिलांना सांगा, फी थांबवली तर मुलाकडे पोकरशिवाय काही उरणारच नाही. आयटीबद्दलची त्याची भीती खोटी नाही. नुसतं कोडिंग येणाऱ्याचे दिवस अवघड आहेत. पण ज्या गणिताने पोकर जिंकला, त्याची मागणी पत्त्यांपुरती नाही. याच सँडहोमनी बनवलेल्या पद्धती अमेरिकेतल्या मूत्रपिंड अदलाबदल योजनेत, कोणाचं मूत्रपिंड कोणाला जुळतं हे ठरवायला २०१० पासून वापरल्या गेल्या. गेम थिअरी (समोरच्याच्या चालींचा हिशेब धरून आपली चाल ठरवणं) आणि ऑपरेशन्स रिसर्च (हाताशी आहे त्यातून सगळ्यात चांगलं नियोजन गणिताने काढणं) हे ते विषय. आयआयटी मुंबईत इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग अँड ऑपरेशन्स रिसर्च शिकवतात, गेट देऊन तिथे एमटेक करता येतं. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटही आहे, पण तिथली प्रवेश परीक्षा घाम काढते. सुरुवातीला एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या साइटवरचे गेम थिअरीचे मोफत कोर्स पुरेत.

मात्र हे सगळं त्याला हिशेबाची गोडी असेल तरच. एकदा शांतपणे विचारा, किती हरलास? जिंकलेले चाळीस हजार त्याने सांगितलेत, हरलेले नाहीत. कोणाकडून उसने घेतलेत का, लोन ॲपवरून उचललेत का, लपवाछपवी चालू आहे का, हे बघा. तसं असेल तर आधी १४४१६ या सरकारी टेलि-मानस हेल्पलाइनवर फोन करा, मराठीतही बोलता येतं, करिअरचं नंतर.

तसं काही नसेल तर त्याला माझ्याकडून एक काम द्या. वर सांगितलेल्या तीन पत्त्यांच्या खेळाचा पूर्ण नियम शोधायचा आणि तो स्वतःशी खेळून शिकेल असा प्रोग्राम सेमिस्टरच्या सुट्टीत लिहायचा. दुसऱ्या वर्षाच्या मुलाला आठवड्याभराचं काम आहे. पहिल्या खेळाडूची सरासरी कमाई दर डावाला उणे ०.०५५ चिंचोक्याच्या आसपास स्थिरावली, तर प्रोग्राम बरोबर. लिहिला तर मला पाठवायला सांगा. आणि सुट्टीभर फाइल उघडलीच नाही, तर तेही कळवा.