रात्रभर फसलेले लॉगिन: तक्रार कशाची करायची, कशाची नाही

म्हापशाच्या दुकानातल्या सर्व्हरवर एका रात्रीत चार हजार फसलेले लॉगिन दिसले, तक्रार कुठे करू, असं तुम्ही विचारलंय. आधी तो आकडा डोक्यातून काढा. पोर्ट २२ (दुरून लॉगिन करायच्या एसएसएच सेवेचं दार) बाहेर उघडा असला की हे चालूच असतं. आयपीव्ही४चे, म्हणजे इंटरनेटवरच्या यंत्रांचे, पत्ते साधारण ४३० कोटी. २०१३ साली झेडमॅप हा स्कॅनर आला तेव्हाच एका गिगाबिट लाइनवरून, एका पोर्टपुरते, ते पाऊण तासात चाळून होत होते. तुम्हालाच कोणी हेरलंय असं नाही. शोडान, सेन्सिससारखे सर्वेक्षणवालेही रोज डोकावून जातात.

‘फेल्ड पासवर्ड फॉर इनव्हॅलिड यूजर अ‍ॅडमिन’ म्हणजे कोणीतरी फाटकाची कडी हलवून पुढे गेला. लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींत, शोधायची ती ‘अ‍ॅक्सेप्टेड’वाली, म्हणजे कोणी आत शिरल्याची, ओळ. ती अनोळखी पत्त्यावरून असेल तर नेटवर्कची वायर काढा, पण मशीन बंद करू नका. मेमरीतला पुरावा जातो. मग सर्ट-इनला, म्हणजे सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेला, कळवा. एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार त्यासाठी सहा तास मिळतात. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर-फसवणूक हेल्पलाइनला फोन करा.

तशी ओळ नसेल तर पासवर्ड-लॉगिन बंद करून एसएसएच की (पासवर्डऐवजी चालणारी किल्ली-फाइल) वापरा. फेल२बॅन (वारंवार फसणाऱ्या पत्त्याला अडवणारा प्रोग्राम) लावा, पण त्याची मूळची दहा मिनिटांची बंदी फारच मवाळ आहे.

एकच पत्ता दिवसेंदिवस तुमच्या खऱ्या यूजरनावांवर प्रयत्न करत असेल, तर मात्र तक्रार करा. हूइजमध्ये, म्हणजे पत्ता कोणाचा ते सांगणाऱ्या नोंदणीत, त्या पत्त्याचा अब्यूज-ईमेल (तक्रारीचा ईमेल) मिळतो. मेलमध्ये त्यांचा पत्ता व सोर्स पोर्ट (त्यांच्या बाजूचा पोर्ट क्रमांक), तुमचा पत्ता व पोर्ट, आणि लॉगच्या दहा-बारा मूळ ओळी द्या, स्क्रीनशॉट नको. सोर्स पोर्ट एवढ्यासाठी, की सीजीनॅटमुळे (इंटरनेट कंपनी एकच पत्ता अनेकांत वाटते त्यामुळे) एका पत्त्याआड शेकडो ग्राहक असतात. वेळेपुढे +५:३० लिहाच, नाहीतर ते भलत्याच ग्राहकाला धरतील.

घड्याळाची गोष्ट आपल्याकडे जास्त नडते. पावसात वीज जाते. बऱ्याच स्वस्त राउटरांत घड्याळाची बॅटरीच नसते, वीज आल्यावर लॉगमध्ये १९७० साल दिसतं. अशा ओळी कोणी वाचणार नाही. एनटीपी (नेटवरून घड्याळ जुळवणारी सेवा) चालू ठेवा.

नुसत्या यूडीपी (आधी जोडणी न करता पाठवलेल्या) पाकिटांवरून कोणावर बोट ठेवू नका, त्यावरचा पत्ता खोटा घालता येतो. एसएसएच लॉगिनला टीसीपी जोडणी (दोन्हीकडून उत्तर आल्यावरच जुळणारी) पुरी व्हावी लागते, म्हणून तिथला पत्ता खरा. पण तोही बहुतेकदा कोणाच्या तरी घरचा, आधीच फोडलेला राउटर किंवा कॅमेरा असतो. रागाने उलटा स्कॅन मारलात, तर पुढची अब्यूज-तक्रार तुमच्या नावाने येईल.