नातवाला भेटायचंय की ताबा हवाय?

"ताई, आजी-आजोबांचा नातवावर हक्क असतो की नाही? कायद्यात काय लिहिलंय तेवढं सांगा." आजोबांनी बसायच्या आधीच विचारलं आणि टेबलावर निळी फाईल ठेवली. वर नोटिशीचा मसुदा. पहिल्याच ओळीत 'आमच्या घराण्याचा एकुलता एक वंशज'. आजी पर्स मांडीवर घट्ट धरून गप्प बसलेल्या.

मुलगा २०२१ मध्ये गेला. सून काही महिने पुण्यात सासरी राहिली, मग नोकरी मिळाली तशी मुलाला घेऊन कोल्हापूरला माहेरी गेली. नातू आता सात वर्षांचा. चौदा महिने भेट नाही, फोनही नाही.

हा प्रश्न माझ्याकडे नेहमी येतो आणि उत्तर कुणालाच आवडत नाही. नातवंडाला भेटण्याचा स्वतंत्र हक्क आजी-आजोबांना देणारं कलम आपल्याकडे नाही. वडील गेल्यावर हिंदू कायद्याप्रमाणे आईच नैसर्गिक पालक. अशा आईला मुलाचं आडनावसुद्धा ठरवता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. तरी १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली नातेवाइकाला अर्ज करता येतो. न्यायालय बघतं ते मुलाचं हित, आणि त्यात आजी-आजोबांचा सहवास बसतो असं वाटलं तर भेटीचे दिवस ठरवून देतं.

ताब्याचं गणित वेगळं. कोविडमध्ये आईवडील दोघंही गमावलेल्या गुजरातमधल्या मुलाचा ताबा २०२२ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने मावशीऐवजी वडिलांच्या आईवडिलांना दिला. इथे आई धडधाकट, कमावती. "ताबा मागितलात तर ती घाबरेल, आणि घाबरलेली आई भेटही देणार नाही," मी म्हटलं. शिवाय मूल जिथे राहतं तिथल्या न्यायालयात अर्ज, म्हणजे तारखांना कोल्हापूरच्या फेऱ्या.

मग मी विचारलं, "तुमच्या गेलेल्या मुलाच्या नावावर काय काय होतं?"

आजोबा खिडकीबाहेर बघायला लागले. आजीच बोलल्या, "फ्लॅट आहे. सोसायटीला माझी सही हवीय. हे म्हणाले, आधी नातू दाखव, मग सही."

तर गाठ इथे होती. मृत्युपत्र नसेल तर विवाहित मुलाच्या मागे त्याची आई, बायको आणि मूल सारखे वारस. वडील त्या पहिल्या रांगेत येतच नाहीत. आजोबांना हे माहीत नव्हतं. सही आजींची, अडवून धरली होती आजोबांनी!

सुनेला मी फोन केला. ती आधी सावध, मग एकदम मोकळी झाली. "भेटीला माझी ना नव्हती हो. पण बाबा त्याला विचारायचे, तू आमच्याकडे राहणार ना? मग रात्री तो मला विचारायचा, मला नेणारेत का?"

हे मी दोघांना जसंच्या तसं सांगितलं. आजोबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. बराच वेळ. "मी लाडानं म्हणायचो," एवढंच म्हणाले.

नोटीस गेली नाही. फ्लॅटचं दोन्हीकडच्या वकिलांनी बघायचं ठरलं, भेटीशी त्याचा संबंध न ठेवता. हे मी कागदावरच लिहून घेतलं. तोंडी ठरलेलं सणासुदीला मोडतं. दर महिन्याचा दुसरा रविवार, रंकाळ्यावर दोन तास, सुरुवातीला आई जवळपास. रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल. मुलाला 'कुठे राहशील' विचारायचं नाही. सहा महिन्यांनी परत बसायचं, सुट्टीत पुण्याला पाठवण्याचं तेव्हा बघायचं.

पहिल्या भेटीनंतर आजोबांचा फोन आला, जरा नाराजच. "दोन तासांतला एक तास तो बदकंच बघत होता. आमच्याशी बोलला कुठे?" मागून आजींचा आवाज आला, "ताईंना हेही सांगा ना, पुढच्या वेळी भिजवलेले हरभरे घेऊन जायचेत म्हणून. बदकांना."