वायर निघाल्याचं प्रोग्रामला कोण सांगतं?

प्रश्न: मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टमध्ये लिनक्सवर यूएसबी-सिरियलमधून सेन्सरचं रीडिंग घेते. मध्येच वायर काढली की प्रोग्राम ना बंद पडतो, ना एरर देतो. सीपीयू मात्र 100 टक्क्यांवर जातो. गाइड म्हणाले, 'डेमोत वायर काढू नकोस, झालं.' माझ्या डोक्यातून ते जात नाही. वर्गातले बहुतेक जण वेबकडे चाललेत. मी सिस्टिम प्रोग्रामिंगकडे वळू का?

उत्तर: वळ. जे डोक्यातून जात नाही, तेच या कामाचं भांडवल आहे. पण आधी हा बग मुळापर्यंत सोडव.

तुझा प्रोग्राम रीडवर थांबतो तेव्हा कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, त्याला झोपवलेलं असतं. वायर निघाल्याचं आधी यूएसबी हबला कळतं, मग कर्नल ड्रायव्हरचं (ते डिव्हाइस हाताळणाऱ्या कोडचं) डिस्कनेक्ट फंक्शन बोलावतो आणि झोपलेल्याला उठवलं जातं. पोर्ट असा 'हँग-अप' झाला की रीड शून्य परत करतं, राइट ईआयओ (इनपुट-आउटपुट) एरर देतं आणि पोलमध्ये, म्हणजे पोर्टवर काही घडलं का हे विचारणाऱ्या कॉलमध्ये, पोलहप हा हँग-अपचा इशारा येतो, तू मागितला नसलास तरी. (हँग-अप हा शब्द मोडेमच्या जमान्यातला, फोनची लाइन तुटली की सिगहप सिग्नल यायचा.)

तुझ्या कोडमध्ये बहुधा 'शून्य बाइट आले, म्हणजे डेटा नाही, पुन्हा वाच' असं असणार. यात तुझा फार दोष नाही, कारण व्हीटाइमचा (रीडने किती वेळ वाट बघायची त्या सेटिंगचा) टाइमआउट संपला तरी शून्यच मिळतं. फरक एवढाच की वायर गेल्यावर ते शून्य क्षणाचाही वेळ न लावता येतं, दर वेळी, आणि लूप गरगरत राहतो. म्हणून पोलहप तपास आणि फाइल लगेच क्लोज कर. ती उघडी राहिली तर वायर परत जोडल्यावर पोर्टला टीटीवाययूएसबी0 (ttyUSB0) ऐवजी टीटीवाययूएसबी1 हे नाव मिळेल, कारण जुना नंबर अजून अडकलेला असतो. डिव्हाइस परत आल्याची वर्दी यूडेव्ह हा लिनक्सचा डिव्हाइस सांभाळणारा प्रोग्राम देतो.

विंडोजवर हीच बातमी डब्ल्यूएम-डिव्हाइसचेंज या मेसेजने येते. दोन्हीकडे करून बघ. इंटरव्ह्यूत यावर अर्धा तास बोलता आलं तर मार्कांपेक्षा ते जास्त कामी येईल.

नोकरीचं स्पष्ट सांगते. एम्बेडेड आणि ड्रायव्हरच्या कामात फ्रेशरसाठी जागा वेबपेक्षा कमी दिसतात, आणि सी भाषा पक्की लागते. हे सहा महिने पॉइंटर, लॉक आणि वेट-क्यू (झोपलेल्या प्रोग्रामांची कर्नलमधली रांग) यांना दे. एखादा छोटा यूएसबी ड्रायव्हर ओळ न् ओळ वाच, विशेषतः डिव्हाइस गेलेलं असताना फाइल उघडी असेल तर तो मेमरी कधी सोडतो ते. तिथेच अनुभवी लोकही चुकतात.

आणि सरावासाठी दर वेळी वायर ओढू नकोस, पोर्ट सैल होईल. सिसएफएसमध्ये (/sys, जिथे कर्नल डिव्हाइस फाइलींच्या रूपात दाखवतो) त्या डिव्हाइसच्या फोल्डरात ऑथोराइज्ड नावाची फाइल असते. रूट (अ‍ॅडमिन) होऊन तिच्यात 0 लिहिलंस की ड्रायव्हरच्या दृष्टीने डिव्हाइस गेलं. 1 लिहिलंस की परत आलं.