जर्मनीत फी नाही, म्हणजे शिक्षण हलकं असतं का?

नमस्कार,

तुमची मुलगी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला मास्टर्ससाठी जर्मनीला जायचंय. घरातले वडीलधारे मात्र म्हणताहेत, ‘जिथे फी नाही ते शिक्षण कसलं? त्यापेक्षा कर्ज काढून इंग्लंडला पाठवा.’ दोन्ही देश श्रीमंत, मग फीमध्ये एवढी तफावत का, असं तुम्ही विचारलंय.

या तफावतीचा दर्जाशी संबंध नाही. पैसे कोण भरतं, एवढाच तो प्रश्न आहे. जर्मनीत उच्च शिक्षणाच्या खर्चाचा चार-पंचमांशाहून जास्त वाटा सरकार उचलतं, आणि त्यातला मोठा भार तिथल्या सोळा राज्यांवर असतो. ब्रिटनमध्ये हाच सरकारी वाटा साधारण पाव भागाच्या आसपास आहे. बाकीचं मुख्यतः विद्यार्थ्यांकडून येतं.

इंग्लंडमध्ये हे पूर्वीपासून असं नव्हतं. १९९८ मध्ये वर्षाला १,००० पौंड फी सुरू झाली, २००६ मध्ये ती ३,००० पर्यंत गेली आणि २०१२ मध्ये ९,००० पर्यंत. त्याच वेळी शिकवण्यासाठी मिळणारं सरकारी अनुदान बहुतांश काढून घेतलं गेलं. पुढे २०१७ पासून कित्येक वर्षं स्थानिक मुलांची पदवीची फी ९,२५० पौंडांवर गोठलेली राहिली आणि महागाई मात्र वाढत गेली. ही तूट विद्यापीठांनी परदेशी विद्यार्थ्यांच्या फीमधून भरून काढली, कारण त्या फीवर सरकारी मर्यादा नाही. तुम्हाला आलेल्या ऑफर लेटरवरच्या आकड्यात हा इतिहास आहे. तिथलं शिक्षण वाईट आहे असं मी म्हणत नाही, ते उत्तम असू शकतं. पण जास्त फी म्हणजे जास्त दर्जा हे समीकरण मनातून काढून टाका.

जर्मनीतही फीचा प्रयोग झाला होता. फीवरची केंद्राची बंदी उठवणाऱ्या २००५ च्या न्यायालयीन निकालानंतर काही राज्यांनी सेमिस्टरला ५०० युरोपर्यंत फी लावली. लोकांनी ती स्वीकारली नाही आणि २०१४ पर्यंत सगळ्या राज्यांनी ती रद्द केली. परदेशी मुलांना तिथे जागा मिळते यात दयाबुद्धी नाही. त्या देशाचं वय वाढतंय, त्यांना इंजिनिअर हवेत. म्हणून पदवीनंतर नोकरी शोधायला अठरा महिने राहू देतात.

आता सावधगिरीचं. फुकट म्हणजे सगळीकडे फुकट नव्हे. बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्य २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सेमिस्टरला १,५०० युरो घेतं. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्ससाठी सेमिस्टरला ४,००० ते ६,००० युरो फी सुरू केली. राज्य सरकारचा विचार बदलला की नियम बदलतो. त्यामुळे ‘जर्मनी’ असा एकगठ्ठा विचार न करता राज्य, विद्यापीठ आणि कोर्स असं पाहायला हवं. इंग्रजी माध्यमाचे काही कोर्सेस सरकारी विद्यापीठांच्या आवारातही सशुल्क असतात.

आणि फी नसली तरी खर्च आहेच. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, सध्या ११,९०४ युरो दाखवावे लागतात. युरोला शंभर रुपये धरले तर जवळपास बारा लाख, तेही एका वर्षाचे. जर्मनीतलं मास्टर्स बहुधा दोन वर्षांचं, ब्रिटनमधलं एका वर्षाचं. म्हणजे जर्मनीत राहण्याजेवण्याचा खर्च दोन वर्षांचा. हा हिशेब मांडूनच तुलना करा. माझ्या मते मेकॅनिकलसाठी तरीही जर्मनी सरस ठरते, पण एका अटीवर: मुलीने भाषा शिकायला हवी. वर्गात इंग्रजी चालेल, पण कारखान्यात जर्मनच लागते. पुण्यात जर्मन शिकवणारं मॅक्सम्युलर भवन आहे, आत्ताच नाव नोंदवा.

एपीएस प्रमाणपत्राचा अर्जही लवकर करा. आपल्याकडच्या मार्कशीटांची ती छाननी असते, ती भारतीय विद्यार्थ्यांना बंधनकारक आहे आणि तिला वेळ लागतो. मुलीला आवडलेल्या सात-आठ कोर्सेसची यादी आणि तिच्या आतापर्यंतच्या सेमिस्टरचे गुण मला पाठवा. त्यातले फी घेणारे कोणते आणि तिला प्रवेशाची खरी शक्यता कुठे आहे, ते मी पाहून कळवते.