मॉक ड्रिलच्या दिवशी मुलाला घरी ठेवावे का?

"शाळेतल्या मॉक ड्रिलनंतर मूल घाबरले आहे, तर पुढच्या वेळी त्याला त्या दिवशी घरीच ठेवू का?" असे पालक मला वरचेवर विचारतात. उत्तर देताना मला तिसरीतल्या एका मुलाची आठवण होते. ओळख पटू नये म्हणून त्याचे काही तपशील येथे बदलले आहेत.

शाळेत आगीची मॉक ड्रिल, म्हणजे आग लागल्यास बाहेर कसे पडायचे याची रंगीत तालीम, झाली आणि त्यानंतर तो रोज सकाळी पोट दुखते म्हणू लागला, सुटीच्या दिवशी मात्र पोट अजिबात दुखेना. डॉक्टरांना काही सापडले नाही. आई त्याला घेऊन आली तेव्हा काळजीपेक्षा संतापच जास्त होता. "मॅडम, कायद्यात आहे म्हणून करतो असं शाळा सांगते. मुलांना घाबरवा, असं कुठल्या कायद्यात लिहिलंय?"

प्रश्न रास्त होता, म्हणून आधी कायद्याबद्दलच बोललो. 16 जुलै 2004 रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेला लागलेल्या आगीत 94 मुले दगावली. त्यानंतर दाखल झालेल्या याचिकेवर 2009 मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणाच्या हक्कातच सुरक्षित शाळेचा हक्क येतो असे मानले. सर्व सरकारी व खासगी शाळांनी सहा महिन्यांत अग्निशमन साधने बसवावीत, ज्वलनशील वस्तू इमारतीत ठेवू नयेत, इमारतींची वेळोवेळी तपासणी व्हावी आणि कर्मचाऱ्यांना ही साधने वापरण्याचे प्रशिक्षण मिळावे, असे आदेश दिले. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 चा आहे आणि त्याखालील राष्ट्रीय प्राधिकरणाने 2016 मध्ये काढलेल्या शाळा सुरक्षेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तालमींचा समावेश आहे. तेव्हा तालीम अनावश्यक आहे असे मी आईला सांगू शकत नव्हते. धुराने भरलेल्या जिन्यात विचार करायला वेळ नसतो, पायांना वाट आधीच ठाऊक असावी लागते. परंतु तालीम घ्या म्हणणे वेगळे आणि ती कशी घ्यावी हे वेगळे. मुलांच्या मनाचा प्रश्न बहुधा या दुसऱ्या भागात अडकलेला असतो. अमेरिकेत शाळांवरील गोळीबारासारख्या हल्ल्यांसाठीही तालमी घेतात; तेथील न्यूयॉर्क राज्याने तर 2024 मध्ये नियमच केला की तालमीत खऱ्या हल्ल्याचा देखावा उभा करू नये आणि ही तालीम आहे हे मुलांना सांगितले जावे.

मुलाशी मी आगीबद्दल काहीच बोलले नाही. त्याला शाळेचा नकाशा काढायला सांगितला. त्याने वर्ग, जिना, मैदान काढले आणि तळमजल्याच्या कोपऱ्यात एक छोटा चौकोन काढून तो काळ्या खडूने इतका गिरवला की कागद फाटला. "इथे कोण बसते?" असे विचारल्यावर तो म्हणाला, "माझी बहीण." ती शिशुवर्गात होती. तालमीच्या वेळी सूचना मिळाली होती, "मागे वळून पाहायचे नाही, कोणासाठी थांबायचे नाही." सूचना नियमाप्रमाणे बरोबरच होती; तिचा अर्थ त्याने मात्र बहिणीला मागे टाकून पळायचे, असा लावला होता. भीती आगीची नव्हतीच. मोठ्यांना हे कळत नाही, कारण आपण मुलाला "आगीला घाबरलास का?" असेच विचारत राहतो.

मी आईला शाळेकडे तक्रारीऐवजी आपत्कालीन योजना पाहायला मागण्याचा सल्ला दिला. लहान वर्गांना कोण बाहेर आणते, जमण्याच्या जागी हजेरी कोण घेते, भावंडांना भेटू देतात का आणि पालकांना आधी कळवतात का, एवढेच तिला विचारायचे होते. मुख्याध्यापिकांनी नीट ऐकून घेतले, हे सांगायलाच हवे. शिशुवर्गासाठी दोन सेविका आणि शिक्षिका नेमलेल्या होत्या. फक्त ते मोठ्या मुलांना कोणी सांगितले नव्हते. एका दुपारी मुलाला त्या सेविकांची ओळख करून दिली आणि मैदानावर बहिणीच्या रांगेची जागा दाखवली. दोन-तीन आठवड्यांत पोटदुखी कमी झाली. ती महिनाभर तशीच राहिली असती, झोप किंवा जेवण बिघडले असते, तर मी त्याला बालमानसतज्ज्ञांकडे पाठवले असते.

म्हणून घरी ठेवण्याला माझा सहसा विरोध असतो. एक दिवस चुकवल्याने तात्पुरते हायसे वाटते, पण शाळेत काहीतरी इतके भयंकर घडते की आईही तेथे पाठवत नाही, ही मुलाची समजूत पक्की होते. ज्या मुलाने खरी आग किंवा अपघात अनुभवला आहे त्याचे प्रकरण निराळे; त्याच्यासाठी शाळेशी बोलून पहिल्या वेळी केवळ शिक्षकासोबत रिकामी वाट चालून पाहण्याची सोय मी मागते.

पुढच्या तालमीला हा मुलगा गेला. मैदानावर रांगेत उभे असताना त्याने तीनदा मागे वळून पाहिले, असे वर्गशिक्षिकेने नंतर फोनवर सांगितले. त्यांनी त्याला टोकले नव्हते.