हंगेरीचं तुर्किक गणगोत

प्रश्न : हंगेरी युरोपीय संघात आहे, नाटोमध्येही आहे. मग हा देश तुर्किक राष्ट्रांच्या संघटनेत काय करतो? हंगेरियन लोक खरंच तुर्किक वंशाचे आहेत, की सगळा खटाटोप तेल-गॅससाठी?
– एक वाचक

उत्तर : तुर्किक म्हणजे तुर्की भाषांच्या कुळातले लोक; तुर्कस्तान, अझरबैजान, कझाकस्तान, उझबेकिस्तान अशा देशांची ही संघटना. आधी नात्याचं बघू, कारण ते अगदीच खोटं नाही. हंगेरियन भाषा फिनिश आणि एस्टोनियनच्या कुळातली, तुर्किक नव्हे. पण नवव्या शतकाच्या अखेरीस मॅग्यार टोळ्या, म्हणजे हंगेरियनांचे पूर्वज, आजच्या हंगेरीत उतरल्या, त्याआधी त्या पिढ्यान् पिढ्या तुर्किक टोळ्यांच्या शेजारी गवताळ प्रदेशात राहत होत्या. पुढे १२३९ मध्ये मंगोलांच्या भीतीने पळालेल्या कुमान या तुर्किक लोकांना राजा चौथा बेला याने आसरा दिला. दोनच वर्षांत त्यांच्या खानाचा, कोतेनचा, पेश्तमध्ये (आजच्या बुडापेस्टचा एक भाग) खून झाला. तरीही कुमान तिथेच रुजले. कुनशाग हा प्रदेश आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांची भाषा केव्हाच लोपली, पण त्या भाषेतली ख्रिस्ती प्रार्थना तिथली मुलं अगदी विसाव्या शतकापर्यंत पाठ करत होती. हा तपशील वाचला की मला आजही भरून येतं.

बुडात, म्हणजे बुडापेस्टच्या दुसऱ्या भागात, गुलबाबा या बेक्ताशी पंथाच्या सूफी दर्वेशाची अष्टकोनी कबर आहे. चढाच्या दगडी गल्लीतून मी तिथवर गेले आहे. आवारात गुलाब लावलेत. १५४१ ते १६८६ बुडा उस्मानी तुर्कांच्या ताब्यात होतं, ही कबर त्याच काळातली. तिची डागडुजी झाल्यावर ऑक्टोबर २०१८ मध्ये तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोआन आणि हंगेरीचे तेव्हाचे पंतप्रधान ओर्बान यांनी मिळून उद्घाटन केलं. त्याच्या महिनाभर आधी, किर्गिझस्तानातल्या चोल्पोन-अता इथे, हंगेरीला तुर्किक परिषदेत (आजच्या संघटनेचं तेव्हाचं नाव) निरीक्षकाचं स्थान मिळालं होतं. पुढच्या वर्षी परिषदेचं युरोपातलं कार्यालय बुडापेस्टमध्ये उघडलं आणि मे २०२५ मध्ये संघटनेची अनौपचारिक शिखर बैठकही तिथेच भरली.

आता तेल-गॅस. हंगेरीला समुद्रकिनारा नाही, त्यामुळे पाइपलाइन कुठून येते हा तिथे जीवनमरणाचा प्रश्न. मोल या हंगेरियन कंपनीने २०२० मध्ये अझरबैजानच्या कॅस्पियन समुद्रातल्या मोठ्या तेलक्षेत्रात साडेनऊ टक्क्यांच्या आसपास वाटा विकत घेतला. २०२१ पासून तुर्कस्तान, बल्गेरिया, सर्बिया अशा वाटेने गॅस येऊ लागला. गॅस रशियाचा, वाट तुर्कस्तानची. आपल्या लोकांची घरं उबदार ठेवायला सरकारने ही धडपड केली, तर मी तिला नावं ठेवणार नाही.

माझा राग आहे तो २०१२ च्या प्रकरणावर. २००४ मध्ये बुडापेस्टमध्ये नाटोच्या इंग्रजीच्या वर्गाला आलेल्या रामिल सफारोव या अझरबैजानी अधिकाऱ्याने गुर्गेन मार्गार्यान या आर्मेनियन लेफ्टनंटला झोपेतच कुऱ्हाडीने मारलं. हंगेरीच्या न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. ऑगस्ट २०१२ मध्ये, उरलेली शिक्षा मायदेशी भोगायची म्हणून, हंगेरी सरकारने त्याला बाकूला, अझरबैजानच्या राजधानीत, धाडलं. विमानातून उतरला त्याच दिवशी त्याला माफी मिळाली. पाठोपाठ बढती, घर आणि आठ वर्षांचा थकलेला पगारही. शिक्षा पुरी होईल असं लेखी आश्वासन होतं, असं बुडापेस्टने सांगितलं. मला ते पुरेसं वाटत नाही. आपल्या हद्दीत झोपेत मारल्या गेलेल्या पाहुण्याला न्याय देणं ही त्या सरकारची जबाबदारी होती आणि ती त्याने बाकूशी दोस्ती जपण्यापायी सोडली, असंच मी मानते. आर्मेनियाने राजनैतिक संबंध तोडले, ते जुळायला डिसेंबर २०२२ उजाडलं.

युरोपशीही खटके उडतात. जुलै २०२४ मध्ये युरोपीय संघाचं फिरतं अध्यक्षपद हंगेरीकडे असताना ओर्बान मॉस्कोहून थेट अझरबैजानातल्या शुशाला, तुर्किक राष्ट्रांच्या बैठकीला गेले. संघाच्या वतीने बोलायचा अधिकार त्यांना कुणी दिलेला नाही, असं ब्रसेल्सला जाहीर करावं लागलं. उत्तर सायप्रसला, म्हणजे सायप्रस बेटाच्या तुर्की ताब्यातल्या भागाला, या संघटनेने २०२२ मध्ये निरीक्षक केलंय. युरोपीय संघ मात्र त्याला देश मानतच नाही, कारण सायप्रस हा संघाचाच सदस्य आहे. याच मुद्द्यावर एप्रिल २०२५ मध्ये समरकंदला, युरोपीय संघ आणि मध्य आशियाई देशांच्या बैठकीत, कझाकस्तान आणि उझबेकिस्तान युरोपच्या बाजूने उभे राहिले: उत्तर सायप्रसला मान्यता नाकारणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या ठरावांना त्यांनी दुजोरा दिला. तुर्किक असण्याबद्दल ज्यांच्याविषयी कुणालाच शंका नाही, त्यांनी नात्यापेक्षा युरोपशी व्यापार आणि गुंतवणुकीचं गणित आधी मांडलं.