२ बेच्या (डिस्कचे दोन कप्पे असलेल्या) नॅसमध्ये, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या स्टोरेज बॉक्समध्ये, ४ टीबीच्या दोन डिस्क भरल्यात, डेटा न पुसता जागा कशी वाढवू?

रेड १ (दोन्ही डिस्कवर तोच डेटा) असेल तर होतं, फक्त घाई नको. आधी बॅकअप घ्या, रेड म्हणजे बॅकअप नव्हे हे कितीदा सांगितलं तरी लोक ऐकत नाहीत. मग एक जुनी डिस्क काढून ८ टीबीची टाका आणि रीबिल्ड (नव्या डिस्कवर डेटाची कॉपी) होऊ द्या, त्याला तासन्‌तास लागतात, कधी दिवसभर, आणि तेवढ्यात दुसरी जुनी डिस्क गेली तर सगळंच गेलं, म्हणून तो बॅकअप. झालं की दुसरी बदला. एकच बदलून जागा वाढत नाही, रेड १ मध्ये लहान डिस्कएवढीच मिळते. शेवटी सेटिंगमध्ये जाऊन व्हॉल्यूम (डेटा ठेवायची जागा) एक्सपांड करायचा. आणि हो, एसएमआरवाली (ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिणारी) डिस्क घेऊ नका, रीबिल्डला रडवते. ८ टीबीचे ७.२७ दिसले तर दचकू नका, मोजायची पद्धत वेगळी असते एवढंच.